शर्यत थांबवता येते

अण्णा, आज दुपारी आपल्या घाटावर भर शर्यतीत मी लाल झेंडा वर केला आणि शर्यत थांबवली. तुम्ही असता तर तिथंच पायऱ्यांवर चारचौघांत मला झापलं असतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे आधी तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी जे भांडायचं होतं ते राहून गेलं. तुमच्यासमोर घरात कुणाचा आवाज निघायचा नाही, माझाही निघाला नाही. आज माझं डोकं इतकं तापलंय की शर्यत समितीच्या अध्यक्षांशी भांडून झालं तरी ते उतरत नाही. आता तुमची पाळी.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर आहे. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला म्हणून ओरडते आणि त्यांच्या शिव्या खाते. वितळलेलं लोखंड घेऊन क्रेन निघाली की तिच्या खालून कुणी जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आणि तरीही एखादा शहाणा गेलाच, तर क्रेन थांबते. त्याची कानउघाडणी नंतर. मॅनेजर असो नाहीतर झाडूवाला, थांबवायचं बटण कुणीही दाबू शकतो. नवीन पोरांना हे शिकवायला मला फार वेळ लागत नाही, मोठ्या साहेबांना शिकवायला मात्र जन्म जातो.

तर यंदा कुरुंदवाडला आपल्या घाटावर यंत्राच्या बोटींची शर्यत ठेवली. बक्षिसाला दुचाकी, घाटभर पाहुण्यांच्या फोटोंचे फलक, हलगी, ड्रोन, सगळा थाट. अध्यक्ष म्हणजे तुमच्या वेळी होडीत पुढच्या वल्ह्यावर बसायचे तेच, आता त्यांचं पोट होडीत मावणार नाही. ते घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुमी त्यातल्या जाणकार हाय. नियम तेवढं लिवून द्या की. पोलिसांस्नी दाखवाय लागत्यात." दाखवायला लागतात! तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण मी मूर्खासारखी दोन रविवार घालवून नियम लिहिले. शर्यत चालू असताना पाण्यात फक्त शर्यतीच्या आणि बचावाच्या बोटी. पलीकडच्या काठावर आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगायचं आणि शर्यतीच्या दिवशी तिथं दोन माणसं बसवायची. आणि शेवटचा नियम, पाण्यात कुणीही आडवं आलं, मग ते कोणी का असेना, लाल झेंडा वर करायचा आणि सगळ्या बोटींनी आहे तिथं थांबायचं. पहिले नियम मी झरझर लिहिले. हा शेवटचा लिहिला आणि पेन खाली ठेवलं, अण्णा. कारण तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात.

श्रावण आहे, नदी काठोकाठ भरलीय. खता-बियाणांचं दुकान बंद करून तुम्ही धोतर, कोट, डोक्याला फेटा अशा पंचाच्या वेषात, हातात झेंडा घेऊन घाटावर उभे आहात. आदल्या दिवशीच, शर्यतीत नसलेल्या सगळ्या नावांची वल्ही गोळा करून आपल्या दुकानात रचलीत आणि वर कुलूप घातलंत. ही तुमचीच पद्धत. वल्हं नाही तर नाव नाही, नाव नाही तर शर्यतीत कुणी आडवं येत नाही. सगळा गाव त्याचं कौतुक करायचा. एका वर्षी नवरानवरीला पलीकडं जायचं होतं तेव्हा तुम्ही वऱ्हाडाला घाटावर बसवून ठेवलंत, लोक हसत हसत बसले. मलाही तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा, शाळेत मी छाती काढून चालायची. आणि मग तो दिवस आला, पलीकडच्या गावाहून शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला की आजोबांचं, आईच्या वडलांचं, काही खरं नाही, लगेच या.

आई तशीच निघाली. पिशवीत एक लुगडं कोंबलं, मला हाताला धरलं आणि घाटावर आली. पुलावरून जायचं तर मोठा वळसा, त्यात शर्यतीच्या गर्दीनं एसटी बंद. तिचं माहेर समोर दिसत होतं, अण्णा. बाभळीमागचं कौल दिसत होतं. ती तुमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "एक नाव सोडा. मी एकटीच जातो, पोरगी हितं ऱ्हाऊ दे." तुम्ही नदीवरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणालात, "पंचाच्या बायकूसाठी नाव सोडली म्हंजे उद्या गावाला काय तोंड दाखवू? शर्यत संपू दे." ती मागं फिरली. पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. होड्या गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. लोक आरोळ्या ठोकत होते आणि माझी आई समोरच्या कौलाकडं बघत होती. अंतिम फेरी झाली, बक्षिसं झाली, भाषणं झाली, मग तुम्ही दुकान उघडून वल्हं दिलंत. आम्ही पलीकडं पोचलो तेव्हा लोक आजोबांना पोचवून परत येत होते.

त्यावर गाव काय म्हणालं ते तुम्हाला पाठच असेल. पंच असावा तर असा! पुढची कितीतरी वर्षं ही गोष्ट तुम्ही स्वतः आल्यागेल्याला सांगायचात, आई आत स्वयंपाकघरात असताना. ती पाहुण्यांसाठी चहा घेऊन यायची, तुम्ही थोडा वेळ थांबायचात, ती आत गेली की पुढचं सांगायचात. म्हणजे तुम्हाला कळत होतं. मला सगळ्यात जास्त चीड त्याची येते.

मी मोठी झाले तशी मनाची समजूत घालत गेले. म्हटलं, वडलांचं बरोबर होतं, नियम तो नियम, भरल्या नदीत शर्यतीच्या मधून नाव घातली असती तर आईसकट कुणीतरी बुडालं असतं. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला बायको, आणि माझ्या बापानं नियम निवडला. कडू, पण खरं. इतकी वर्षं हेच धरून बसले होते. आणि त्या रविवारी शेवटचा नियम लिहिताना माझ्या टाळक्यात उजेड पडला की हे सगळं झूठ आहे. नाव सोडायची नाही, हे ठीक. पण झेंडा तुमच्या हातात होता! तुम्हाला शर्यत थांबवता येत होती. एक फेरी झाली होती, दुसरी सुटायची होती, मधे एक नाव पलीकडं गेली असती आणि पुन्हा शर्यत सुटली असती. कुणी बुडालं नसतं, कुणाचं बक्षीस गेलं नसतं. माझ्या फाउंड्रीत काल आलेल्या पोराला जे कळतं ते तुम्हाला सुचलं नाही? की सुचलं आणि एवढ्या लोकांसमोर बायकोसाठी शर्यत थांबवायची लाज वाटली? मला खरंच विचारायचंय. ओरडून विचारायचंय.

आजचं ऐका. सकाळी घाटावर गेले तर हलगीच्या तालावर वल्ह्यांची मिरवणूक! अध्यक्षांनी गावातल्या जुन्या नावांची वल्ही गोळा केली, हार घातले, फोटो काढले आणि देवळात नेऊन ठेवली. मला म्हणाले, "बघा ताई, तुमच्या वडलांची पद्धत. नदी बंद!" मी विचारलं, पलीकडं कोण गेलं होतं सांगायला? पलीकडं माणसं कुठं बसलीत? तर म्हणे पाहुण्यांच्या स्वागताला माणसं कमी पडली, आणि स्पीकरवर सांगितलंय की. स्पीकरची तोंडं पाहुण्यांच्या मंडपाकडं. आणि अण्णा, आता नदीवर वल्ह्यानं नाव चालवतंय कोण? सगळ्यांनी इंजिनं बसवलीत. ज्यांना इंजिन परवडत नाही अशा चार म्हाताऱ्यांची वल्ही काढून घेतली आणि नदी बंद झाली म्हणे. मी हसावं की दगड उचलावा!

व्हायचं तेच झालं. तिसरी फेरी चालू, तीन बोटी वळणावरून सुसाट येतायत, आणि पलीकडून वैरणीचे भारे भरलेली एक नाव फटफट करत निघाली. वर सासू आणि सून. म्हशींच्या धारेची वेळ, त्यांना काय माहीत शर्यत! भाऱ्यांपलीकडचं त्यांना दिसतही नव्हतं. झेंडा अध्यक्षांच्या पुतण्याच्या हातात, तो पाहुण्यांबरोबर फोटो काढत होता. मी त्याच्या हातातून झेंडा हिसकावला आणि पाण्यात गुडघाभर उतरून हलवत राहिले. पहिल्या दोन बोटी थांबल्या. तिसरीचा चालक मला बघून न बघितल्यासारखं करत होता, मग त्यानं बोट वळवली. लाट नावेवर आदळली, भारे पाण्यात गेले, सून सासूला मिठी मारून खाली बसली. नाव उलटली नाही. उलटली असती, तर लुगड्यातली म्हातारी वर आली नसती.

आणि अध्यक्ष धावत आले ते माझ्यावर. "दोन भारं वैरणीसाठी रेस थांबवली? पावण्यांसमोर आमची इज्जत घालवली की वो!" मी म्हटलं, वैरणीवर दोन बायका होत्या, दिसल्या नाहीत का? तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या वडलांनी आक्ख्या जल्मात एक शर्यत थांबवली न्हाय! सोताच्या सासऱ्यासाठी थांबवली न्हाय!" आणि लोकांनी माना डोलावल्या. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. सेफ्टी ऑफिसरच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

मग आईकडं आले. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम म्हणून ती ताट घेऊन बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणाली, "बोटींचा आवाज मधीच का बंद पडला गं?" मी सांगितलं, एक नाव आडवी आली, मी शर्यत थांबवली.

"थांबत्या व्हय?" ती म्हणाली.

"थांबते की. मी झेंडा दाखवला, थांबली. नाव काठाला लागली, पुन्हा सुरू झाली."

"किती येळ गेला?"

"एक चहा पिऊन होईल एवढा."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. म्हणाली, "एवढंच लागतंय व्हय."

मी घाईघाईनं म्हणाले, "आई, ह्या इंजिनाच्या बोटी. इंजिन बंद केलं की थांबतात. तुमच्या वेळच्या वल्ह्याच्या होड्या अशा मधी थांबत न्हाईत." तिनं मान हलवली, "तसंच असंल," म्हणाली आणि तुकडा आमटीत बुडवला.

वल्ह्याची होडी इंजिनाच्या बोटीआधी थांबते, अण्णा, हे तुम्हालाही माहीत आहे आणि नदीकाठी जन्म काढलेल्या तिलाही. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुमच्यावरचा राग तिळभर कमी झालेला नाही. तरी तिच्यासमोर माझ्या तोंडून तुमचीच बाजू निघाली.