तीन नंबरचे डोळे

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

सकाळी साडेनऊला सावेडीला पोचले. रिक्षाने. गोरक्षच्या स्टुडिओत आजपासून काम. दुपारी डबा खाल्ला. सहाला सुटले. दिवसभरात दहा वाक्यंही बोलले नसेन.

गोरक्ष म्हणाला, "वहिनी, दादांनी मला ब्रश धरायला शिकवलं, मी तुम्हाला माऊस शिकवतो. फिटलं!" आणि हसला.

फिटलं म्हणे!

गोरक्षचे दादा, म्हणजे माझे अमृत, गेले त्याला तीन महिने झाले. त्याआधी पाच आठवडे त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता. का, ते इथे एकदाच लिहून ठेवते. सुप्याच्या एका कारखानदाराची आई वारली. फोटो एकच, तोही गेल्यावर काढलेला. डोळे मिटलेले. अशा फोटोवर रंगाने डोळे उघडायचे हे अमृतचं खास काम. त्यासाठी अकोल्यापासून जामखेडपर्यंतचे लोक यायचे. बावीस दिवस बसले. कारखानदार न्यायला आले ते गोरक्षला बरोबर घेऊनच. गोरक्षने दोन दिवसांत कॉम्प्युटरवर केलेला फोटो पिशवीतून काढला. डोळे उघडे, टवटवीत. त्यांनी तोच घेतला. दुकानात चार माणसं होती. त्यांच्यासमोर गोरक्ष म्हणाला, "दादा, आता हाताचं कोण घेतंय?"

नऊ वर्षं आमच्या दुकानात काम शिकला तो. माझ्या हातचं जेवला.

अमृतच्या पुण्यानुमोदनाला आला होता. डोळे पुसत म्हणाला, काम लागलं तर सांगा. मागच्या आठवड्यात सांगितलं. त्याला वाटतं मी पोटासाठी आले. वाटू दे. मी त्याला संपवायला आले आहे. आधी शिकावं लागेल, एवढंच.

११ नोव्हेंबर

माऊस म्हणजे साबणाच्या वडीने चित्र काढायचं. हात टेबलावर आणि रेघ समोर काचेवर! नजर सारखी हाताकडे जाते. आज दोनदा ब्रशाचं टोक करायला जीभ बाहेर आली. टायपिंगवाली सायली बघत होती. "काकू, माऊस चाटू नका हं, शॉक लागेल." सगळे हसले. मीही हसले. हसलेलं बरं असतं.

१९ नोव्हेंबर

ओपॅसिटी समजली. रंगात पाणी किती, तेच. हे अमृतना दहा मिनिटांत आलं असतं.

२४ नोव्हेंबर

चार दिवस खपून एका आजोबांचा फोटो केला. सावल्या आधी तपकिरी लावल्या, मग कातडीचा रंग, मग फेटा, जसं कागदावर करतो तसं. गोरक्षने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, पाट्यावरचं वाटण केलंत की! सगळं एकाच लेयरवर. आता फेटा हलवायचा तर डोकंपण हलणार."

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. प्रत्येक काचेवर एकच गोष्ट काढायची. कागदावर काम करणाऱ्याला हे सुचतच नाही, कारण कागद एकच असतो.

मग तो म्हणाला, "डोळे तर कायम वेगळ्या लेयरवर. बसले नाहीत तर उचलायचे, दुसरे ठेवायचे."

"दुसरे?"

त्याने एक फोल्डर उघडलं. डोळ्यांच्या सात जोड्या. नुसते डोळे, चेहरा नाही. एक ते सात नंबर दिलेले. "तीन नंबर बिनधास्त घ्यायचे. बाई असो बाप्या असो, सगळ्यांना बसतात. जरा लहान-मोठे करायचे, पापणी गडद करायची. सुप्याच्या म्हातारीलाही तीनच होते."

मी मान हलवली.

त्याला डोळे काढताच येत नाहीत! नऊ वर्षांत तेवढं एक शिकला नाही. मेलेल्या माणसाला परक्याचे डोळे चिकटवतो आणि घरचे त्याला हार घालतात. आणि त्या चिकटवलेल्या डोळ्यांपुढे अमृतचे बावीस दिवस हरले.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. रागाने. पण बरंही वाटलं. आता कुठे मारायचं ते कळलं.

३ डिसेंबर

लाईट गेली. तीन तासांचं काम गेलं. सेव्ह केलं नव्हतं.

१४ डिसेंबर

दुसऱ्यांदा गेली. या वेळी सेव्ह होतं. गोरक्षचं नव्हतं. खाली मान घालून बसले, हसू येत होतं म्हणून.

८ जानेवारी १९९९

आज माऊसने डोळे काढले. स्वतः. वरच्या पापणीची सावली आधी, मग बुबुळ, मग ओलसर कड, आणि अगदी शेवटी पांढरा ठिपका — अमृतचा क्रम. ठिपका मधोमध द्यायचा नाही, उजेड येतो त्या बाजूला द्यायचा. सहा दिवस गेले.

गोरक्ष मागे येऊन उभा राहिला. "हे कुठून उचलले?"

"काढले."

वाकून काचेजवळ तोंड नेलं. मग म्हणाला, "दादांचा हात आहे."

त्याच्या तोंडून ते नाव ऐकवत नाही.

२२ जानेवारी

तीन नंबरच्या फोटोंच्या कच्च्या प्रिंट घरी आणते आहे. एकतीस झाल्या. भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्या. शिक्षक, मळेवाले, सवाष्णी, एक फौजदार. सगळ्यांची नजर एकच. बघत बसले की त्या डोळ्यांची शिसारी येते. दोन घरची माणसं एकत्र गाठायची आणि दोन फोटो शेजारी ठेवायचे, बस. नगरमध्ये बातमी पसरायला दोन दिवस पुष्कळ झाले.

२० फेब्रुवारी

आज जमलं. आणि फसलं.

गोरक्ष बाहेर गेला होता. भामाबाई आल्या. भंडारदऱ्याकडच्या, साठीच्या. मालक रंभाजी मागच्या वर्षी गेले, त्यांचा फोटो इथेच केलेला. तीन नंबर. लेक सावेडीत दिली आहे, तिच्या घरासाठी दुसरी प्रत हवी होती. मी रंभाजींचा फोटो काढून ठेवला. शेजारी त्या फौजदाराचा ठेवला.

"मावशी, नीट बघा."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. बघितलं. "आगं बया! एकाच साच्याचं डोळं हाईत की!"

"तुमच्या मालकांचे डोळे नाहीत हे. दुसऱ्या कुणाचे तरी चिकटवलेत. तुम्हाला फसवलंय."

"मंग मला म्हाईत न्हाई व्हय? चाळीस वर्सं संसार केला बाई! त्येंच्या एका डोळ्यात फूल पडल्यालं हुतं. हितं दोन्ही डोळं चांगलं दिसलं तवाच म्या वळाकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशापायी बोलू? जित्तेपनी मानूस कंदी माझ्याकडं धड बघत न्हवता. भाकर वाढली तरी ताटाकडंच बघायचा. आता दारात पाऊल टाकलं की बघतोय. जेवलीस का, असं इचारल्यावानी बघतोय. लई मायेचं डोळं हाईत, बाई. कुनाचं का असंनात." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बदलू नगंस हां. लेकीलाबी ह्येच दे."

सायली तोंडाला रुमाल लावून हसत होती. भामाबाई मला दोन लिंबं देऊन गेल्या.

मायेचे डोळे म्हणे! त्या डोळ्यांनी माझं घर बुडवलं.

२१ फेब्रुवारी

लोकांना सांगून उपयोग नाही. लोकांना फसायचंच असतं.

१ मार्च

दुसरा रस्ता सरळ आहे. फोल्डर पुसायचं. मूळ फोटोंच्या फ्लॉप्याही पुसायच्या, नाहीतर पुन्हा कापून घेईल. त्याला डोळे काढता येत नाहीत. पाडव्यापर्यंत अकरा फोटो द्यायचे आहेत, त्यातले आठ मिटल्या डोळ्यांचे. त्या घरची माणसं दारात उभी राहतील आणि चार माणसांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी त्याच दिवशी काम सोडणार. आमचं दुकान पुन्हा उघडणार. मशीन हप्त्याने मिळतं, चौकशी केली आहे.

अमृतना हे आवडलं नसतं. पण ते कुठे आहेत विचारायला?

६ मार्च

गोरक्ष उद्या मेव्हण्याच्या लग्नाला जातो आहे, राहुरीला. सायलीला रविवारची सुट्टी. मी म्हटलं, काम तुंबलंय, मी येऊन बसते. त्याने किल्ली लगेच दिली. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून निघता तरी येतं."

किल्ली मुठीत घट्ट धरून घरी आले. हाताला वळ उठला.

७ मार्च १९९९, रविवार

एकटीच. फोल्डर उघडलं. एक पुसला, दोन पुसला. तीनवर थांबले. ज्याचे डोळे, तो माणूस कोण हे एकदा बघावंसं वाटलं. तीन नंबरची फ्लॉपी घातली. मशीन संथ आहे, फोटो वरून पट्टी-पट्टीने उतरतो. केस आले. कपाळ आलं.

अमृत.

आमच्याच दुकानातल्या स्टुलावर बसलेले. समोर बघून हसताहेत. समोर फोटो काढणारा गोरक्षच असणार. कापताना त्याने डोळे उलटे करून घेतले आहेत — डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. म्हणून ओळखू आले नाहीत. मला!

सुप्याच्या म्हातारीलाही हेच.

पुढचं काही पुसलं नाही. मशीन बंद केलं, शटर ओढलं. घरी आले. वाटीभर तांदूळ धुतले आणि एकटीपुरता भात टाकला.