आतून कोण होतं

१४ ऑक्टो.
साकोलीहून फोन. नवं घर, काचा घाण. पैसे ऐकून पलीकडचा म्हणाला, काच पुसायले माणूस कायले लागते, घरी बाया नाहीत का? मी त्याला पहिली सफाई म्हणजे काय ते सगळं समजावलं. सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, उन्हात भाजून चिकटलेली प्लास्टिकची झिल्ली, खाचेतली रेती. ब्लेड कधी चालवायचं, कधी नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरं, मग बाईलाच तसं सांगतो. फुकटात शिकवणी घेतली माझी.
बायको, शालू, पोट धरून हसली. मला हसू येत नाही. पुण्यात चौदा वर्षं बाविसाव्या मजल्यावर दोरीला लटकलो, तिथं कोणी कायले म्हणून विचारलं नाही. इथं परत येऊन दोन वर्षं झाली, रोज तेच समजावतोय.

१९ ऑक्टो.
कोंढा गावातलं घर पुसून झालं. दहा खिडक्या. नेहमीप्रमाणे मी बाहेरून, शा. आतून. माझा हात उभा, तिचा आडवा. रेघ राहिली की उभी आहे का आडवी ते पाहायचं, कोणाची ते कळतं. जास्त माझ्याच राहतात. ती काचेवर टकटक करते आणि बोटाने दाखवते, अन् तोंडावर सासूसारखा भाव.
चौदा वर्षं आम्ही फोनवर बोललो, तेही पोरीच्या शाळेचं आणि घरच्या धानाचं. आता पोर आंधळगावला दिली, घरी दोघंच. खरं सांगायचं तर कामापेक्षा मला तिचं ते बोट आवडतं. तिला सांगितलं नाही, उगाच चढून बसेल.

२३ ऑक्टो.
शा.चा भाऊ आला होता. देवरीकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला बाई हवी आहे. राहायचं तिथंच. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की हजर व्हायचं. दोन वर्षं काचा पुसून काय झालं, असं माझ्यासमोरच विचारलं त्याने. बरोबर विचारलं.
शा. त्याला म्हणाली, मंडईची जत्रा होईवरी पाहू, कामं आली तर इथंच राहीन. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुझी मर्जी.
हे काय बोललो मी. नको जाऊ म्हणायला काय झालं होतं. एकट्याने हे काम होत नाही, ते एक. पण ती गेली तर घरात मी एकटा काय करू, हे खरं कारण. ती चौदा वर्षं इथं कशी राहिली कोण जाणे. कधी विचारलं नाही.

२९ ऑक्टो.
मोठं काम. आपल्याच सानगडीत, लांजेवार सरांचा नवा बंगला. सोळा खिडक्या, निळी आरशासारखी काच, रस्त्यावरून आतलं दिसत नाही ती. मंडईला पाहुणे यायच्या आत सगळं चकचकीत हवं. सर म्हणाले, पसंत पडलं तर भंडाऱ्याला त्यांच्या ओळखीच्यांची सहा घरं होताहेत, तिथं नाव सांगतील.
शा.ने बोटांवर मोजलं, सहा घरं म्हणजे उन्हाळा लागेपर्यंतचं काम. भावाला फोन केला, जरा थांब म्हणून. मी सांगितलं नव्हतं, तिनेच केला. आज फार बरं वाटतंय.

५ नोव्हें.
घात झाला.
या काचेला एका बाजूने चकाकीचा लेप असतो. त्या बाजूला ब्लेड लावायचं नाही, लेप निघतो. ओळखायला काडीचं टोक काचेवर टेकवायचं. टोक आणि त्याचं प्रतिबिंब भिडलं तर लेप त्याच बाजूला. मी खालच्या दोन काचा पाहिल्या, लेप बाहेरून होता. शा.ला म्हटलं, आतून बिनधास्त घास. ती जिन्यावरून म्हणाली, वरच्या पाह्यल्या का? मी म्हटलं, एकाच दुकानच्या आहेत सगळ्या.
बसवणाऱ्याने वरच्या उलट्या बसवल्या होत्या. पाच खिडक्या होईपर्यंत कळलं नाही. खाली अंगणात उतरून वर पाहिलं तर निळ्या काचेत हातहात लांब आडवे ओरखडे, आणि त्यातून आतला पंखा दिसत होता.

६ नोव्हें.
सर आले. ओरडले असते तर बरं होतं. मास्तर माणूस, हात मागे बांधून वर पाहत उभे राहिले. मग विचारलं, "आतून कोण होतं?"
मी म्हणालो, "ही होती."
खोटं नाही एक अक्षरही. शा. बाजूलाच उभी होती, बादली घेऊन. तिने मान वर केली नाही. सर म्हणाले, असू द्या.
माणूस इतका हलका असतो हे मला माझ्यामुळे कळलं.

११ नोव्हें.
मंडई झाली. रात्रीच्या नाटकाला गाव लोटला, आम्ही गेलो नाही. सरांकडे पाहुणे भरपूर. बसस्टँडवर जाताना त्या पाच खिडक्या दिसतातच, मी आता मागच्या गल्लीने जातो. भंडाऱ्याचा फोन नाही. येणारही नाही.
शा. नेहमीसारखी. चहा देते, भाजीला काय विचारते. भांडली असती तर तोंड उघडायला जागा मिळाली असती.

१४ नोव्हें.
साकोलीला दातांच्या दवाखान्याची एक मोठी काच. शा. आली. दोघांनी पुसली. माझ्या दोन उभ्या रेघा राहिल्या होत्या, समोरच. तिने पाहिल्या, बोट नाही दाखवलं, बादली उचलून बाहेर आली. मीच परत पुसल्या.
घरी येऊन तिने भावाला हो कळवलं. वीस तारखेला हजर व्हायचंय.

१८ नोव्हें.
आज हिय्या केला. सरांकडे गेलो. म्हटलं, चूक माझी. वरची काच मी तपासली नाही, तिने विचारलं होतं तरी. सर चहा पीत होते. मलाही दिला. म्हणाले, "जाऊ द्या हो, पडदे लावले आता. बायकोची बाजू घेऊन राहिले तुमी, चांगलं आहे. बायामाणसाच्या हातून होते असं."
पुन्हा सांगितलं. ते हसून मान हलवत राहिले. मी जितकं सांगावं तितका मी भला माणूस ठरत होतो. चहा संपवून उठलो.

१९ नोव्हें., संध्याकाळ
शा. पेटी भरत होती. दोन लुगडी, चादर, पोरीचा फोटो. मी उंबऱ्यातून म्हटलं, काल सरांकडे जाऊन आलो, खरं काय ते सांगितलं.
तिने घडी घालणं थांबवलं नाही. म्हणाली, "सराले सांगून आले. मले कवा सांगाल?"
मी म्हटलं, तुला काय सांगायचं, तू होतीसच तिथं. तोंडून गेलं आणि जीभ हासडावीशी वाटली. ती म्हणाली, "हो. मी होतीच." आणि पेटीचं झाकण लावून चुलीपाशी गेली.
सकाळी सातची गाडी. तिला स्टँडवर मीच सोडणार, एवढं ठरलंय. बाकी काही ठरलं नाही. नको जाऊ, हे अजून म्हणता येतं. चूक माझी होती आणि मी तुला पुढे केलं, हेही म्हणता येतं. ओसरीत बसून वहीलाच सांगतोय सगळं. आत भात उतरलेला दिसतो, ताटांचा आवाज आला. हाक अजून आली नाही.