दिलमायाची जबाबदारी

मी, तेजश्री इरप्पा मेत्रे, वय २७, व्यवसाय शिक्षिका, राहणार मुडबी, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात आणि पाठीमागे कुणी उभं नसताना लिहिते. शेवटचं मुद्दाम नोंदवते, कारण भाऊ रविकुमार मघाशी डोकावून गेला. येत्या गुरुवारी सोलापुरात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी नको म्हणतात, पण सही आधी घेतात.

आई म्हणाली, "कामून मरायचं लिहायलीस गं?"

"लिहून ठिवलं की मागं भांडण न्हाई."

"भांडाया हाय काय तुझं?"

आहे ते असं. बँकेतली शिल्लक आई सुगंधाबाईची. तिने स्वतः बँकेत जावं. घरी कुणी कोरा कागद आणला तर अंगठा देऊ नये, पोटच्या मुलालाही नाही. मोपेड रविकुमारला, ती तशीही त्याच्याकडेच असते. पदवीचं प्रमाणपत्र अप्पांनी भिंतीवर लावलं आहे, ते तिथंच राहावं. मेंढरांमागे न जाता कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली.

आता मुख्य कलम. बसवकल्याणला मी शिकवते त्या शाळेत सहावीत दिलमाया आहे. तिचे वडील धनबहादूर नेपाळहून आले, बाजारात रात्रीची राखण करतात. तिच्याकडे आधीच्या शाळेचा दाखला नाही. मुख्याध्यापक नरहरराव यांनी "बाई, तुमच्या जबाबदारीवर" असं म्हणून तिला वर्गात बसू दिलं. मी गेले की जबाबदारीही गेली, असं ते म्हणतील अशी मला पक्की शंका आहे. बाजारातलं कापडाचं दुकान फुटलं आणि संशय राखणदारावर आला, तेव्हापासून त्यांना ती शाळेत नकोच आहे.

दिलमाया वर्गात तोंड उघडत नसे. आमच्या घरी वाद झाला की अप्पा घोंगडी अंथरतात, आणि तिच्यावर बसलेल्याचं बोलून होईपर्यंत बाकीचे गप्प राहतात. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात तशीच घोंगडी अंथरू लागले. आधी ती नुसती बसायची. मग तिच्या भाषेत बोलू लागली. मला निम्मं कळायचं नाही. एकदा तिने गावाकडे शेळ्यांना घालतात ती हाक घालून दाखवली. मग मी आमची घातली.

नरहरराव सर म्हणाले, "बाई, ती पोरगी काय सांगायलीय, आमालाबी कळू द्या की."

"शेळ्यांचं सांगायलीय, सर."

"नुस्त्या शेळ्यांचं? तासभर?"

तिने सांगितलेलं मी कुणाला सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही.

दिलमायाची जबाबदारी मी माझ्या सहशिक्षिका वृंदाबाई यांना घोंगडीसह देते. माझी पुस्तकं आणि लोखंडी कपाट शाळेला, पण शनिवारचा तास चालू असेल तोवरच. तो बंद पडला तर दोन्ही मुडबीच्या शाळेत जावीत. सर कपाट ऑफिसात नेऊन त्यात फायली कोंबतील, म्हणून किल्ली वृंदाबाईंकडे राहील.

वृंदाबाईंवरही माझा पुरता भरवसा नव्हता. त्या मुलांची वाक्यं मध्येच सुधारतात. म्हणून काल शनिवारी त्यांना दिलमायासमोर बसवलं आणि मी दाराशी थांबले. मुलगी मराठी, हिंदी, नेपाळी सगळं मिसळून बोलत होती. वृंदाबाईंचे ओठ हलले, पण त्यांनी आवरलं. मध्येच मुलगी थांबली.

"तुमाला कळायलंय का, बाई?"

"न्हाई," वृंदाबाई म्हणाल्या. "पण तू बोल."

ती बोलू लागली. मी घरी आले आणि वरच्या कलमात त्यांचं नाव लिहिलं.

सही करताना दोन साक्षीदार हजर होते. पहिले साक्षीदार रेवणसिद्धप्पा यांनी दुसऱ्याकडे बघून विचारलं, "अक्का, परदेशी माणसाची सही चालती का?" चालते. मला सही करताना त्याने डोळ्यांनी पाहिलं, एवढंच लागतं. तरीही कुणी हरकत घेईल, म्हणून लिहून ठेवते: हा साक्षीदार मी निवडला आहे.

सही: तेजश्री इरप्पा मेत्रे
साक्षीदार: १) रेवणसिद्धप्पा, पोस्टमन, मुडबी
२) धनबहादूर, रखवालदार, बसवकल्याण, मूळ राहणार अछाम, नेपाळ
मुडबी, १० डिसेंबर २००६