आंब्याखालची पाचवी पेटी

दादा,

अंजूरच्या वाडीवर उद्या सकाळी बुलडोझर येणार, हे मला आज दूध आणताना महमूदभाईंकडून कळलं. गोडाऊनवाल्यांना जागा दिलीस, मग घरात सांगायला तुझी जीभ उचलली नाही का?

शाळेत रजा टाकून मधमाश्यांच्या पेट्या हलवायला निघाले आहे. तुझी सायकल शोधू नकोस. तिची चाकं आणि मोडक्या खाटेच्या फळ्या जोडून मी हातगाडा केला आहे, कारण टेम्पो बांधावरून आत जात नाही. पेट्या आवळायला कापडाच्या लूमचा जुना पट्टा घेतलाय. दणक्याने आतली पोळी तुटतात, म्हणून खाली तुझी गादी घातली. आज चटईवर झोप.

पेट्या खरं तर तिन्हीसांजेला हलवायच्या, सगळ्या माश्या परत आल्यावर. पण महमूदभाईंचा टेम्पो दुपारपुरताच मोकळा आहे. म्हणून चार पेट्या अंबाडी गावात माझ्या मैत्रिणीच्या, माधवीच्या बागेत नेते आणि पाचवी आंब्याखाली ठेवते. बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येतात. घर दिसलं नाही तर घिरट्या घालून मरतात. निदान त्या पेटीत शिरतील.

ती पेटी तू घरी आण. अंधार पडेपर्यंत थांब, मग तिच्या दाराला जाळी लाव. गाडा तिथेच ठेवते. चालत आण, रिक्षात हादरे बसतात.

निघण्याआधी तात्यांना चहा दे. अंथरुणातून ते रोजच्यासारखं विचारतील, वाडीत माश्यांना पाणी ठेवलं का म्हणून.

आज उत्तर तू दे.

सुमती