समोरच्या घराची मुदत

बसवनगुडी, बेंगळूरु

प्रिय रूपश्री,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच 'आई, नेटवर्क जातंय' म्हणता येत नाही. चटणीपुडीच्या पार्सलात डब्याच्या वरच ठेवलंय. आधी हे वाच, मग डबा उघड.

इथलं ठीक. ऊन तापायला लागलंय. तुझ्या अण्णांचे गुडघे आणि इथल्या शिवाजीनगरचं रंगांचं दुकान, दोन्ही कुरकुरत का होईना, चालतात. नवीन काही असेल तर ते समोरच्या दारात. तू परत येईपर्यंत रिकामा कशाला म्हणून तुझ्या फ्लॅटात ठेवलेली ती पुण्याची जोडी, अवधूत आणि सिद्धी. त्यांची लीज एप्रिलात संपते आणि मे महिन्यात तू आइंडहोवनहून कायमची परत येतेस, असं अण्णांनी सगळं जुळवून ठेवलेलं. तर मागच्या आठवड्यात दोघं म्हैसूरपाक घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, आणखी तीन वर्षं एक्स्टेंड करू या का?"

आपल्या गावची लीज म्हणजे काय, ते पुण्याच्या माणसांना पहिल्यांदा सांगितलं की ती हसतात. मोठी रक्कम एकदाच मालकाच्या हातात द्यायची, बिनभाड्यानं राहायचं, निघताना सगळी परत घ्यायची. त्यामुळे मुदत संपत आली की मालकाला ताप येतो आणि भाडेकरूला तोंड फुटतं. नळ गळतो, लिफ्ट अडकते, वरच्यांचा मिक्सर वाजतो, एवढं सगळं सांगून झालं की तो म्हणतो, तरी राहतो मी बापडा, स्वल्प कमी करा. ह्या दोघांनी स्वल्पही कमी करा म्हटलं नाही. उलट अवधूत म्हणाला, रक्कम थोडी वाढवून हवी तर बघू. पुण्याचा माणूस घासाघीस न करता गोड देतो, तेव्हा ते आधी मांजराला घालून बघावं.

अण्णा बिचारे ओशाळले. म्हणाले, "अहो, ठेवलं असतं तुम्हाला, पण आमची रूपा येते ना मेमध्ये." त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सिद्धी फरशीकडे बघत म्हणाली, "तरी विचार करून ठेवा, काका." आणि दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन त्यांच्या स्वयंपाकघराची मापं घेऊन गेला.

आता मला सांग, घर सोडा म्हटल्यावर माणूस ट्रकवाला बोलावतो की सुतार? माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. घर बळकावून कोर्टात जाणार, आत कुत्रा पाळलाय, दुसऱ्यालाच भाड्यानं देणार. दोन दिवस मी त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीवरही नजर ठेवली. ओटमील खातात, बाकी काही सापडलं नाही. शेवटी ज्यानं त्यांना आणलं, त्या ब्रोकर गुरुप्रसादला बोलावलं. तो म्हणाला, "अक्का, लीजवाला भिंतीत खिळा मारत नाही. हे किचन करतायत, म्हणजे ह्यांना कुणीतरी शब्द दिलाय." मी म्हटलं, शब्द देणारी मी, आणि मी काही दिला नाही. "सरी अक्का, मग घरातच बघा," म्हणाला आणि माझीच कॉफी पिऊन गेला.

घरात म्हणजे अण्णा. त्यांच्यावर मी एक अख्खा दिवस संशय घेतला. पण ज्या माणसाला माझ्यासाठी आणलेली साडी संध्याकाळपर्यंत लपवता येत नाही, तो तीन वर्षांचं घर काय लपवणार.

आणि मग सिद्धी आमटीची वाटी परत द्यायला आली. अण्णा दुकानात होते. म्हणाली, जमलंच तर ती कुलपातली लहान खोलीही द्याल का? आणि माझं तोंड बघून घाईघाईनं पुढे बोलली, "रूपश्रीताईंची वीणा आम्ही हलवणार नाही, काकू. आडवीच राहील. उभी नाही करणार."

त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. तू गेल्यापासून ती मीच उघडते, तीही ही दोघं ऑफिसात असताना. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि वीणा उभी केली की तंबोऱ्यासारखी बिचारी दिसते, हा हट्ट साऱ्या जगात तुझ्या एकटीचा. सिद्धीच्याही ते लक्षात आलं. तिनं रिकाम्या वाटीची स्तुती केली आणि पळाली. दारातच मला आठवलं, गीझरचं गॅरंटी कार्ड सापडत नव्हतं, तेव्हा तुझा नंबर तिला मीच दिला होता.

म्हणजे माझी मुलगी परत येणार नाही, हे माझ्या भाडेकरूंना माझ्या आधी कळलं. एवढा शिष्टाचार आपल्याकडे कुठून आला कोण जाणे.

घाबरू नकोस, तू ये म्हणायला हे पत्र नाही. तिकडे तुझं बरं चाललंय, हे तुझ्या आवाजातच कळतं, तू फोन लवकर ठेवलास तरी. सिद्धीला मी हो म्हटलंय, फक्त काकांना आत्ताच काही बोलू नका असं बजावलंय. वीणा काल आपल्याकडे आणली. अण्णांना सांगितलं, तिकडे ओल येते. आडवीच ठेवलीय. पण तुझे अण्णा तुझ्या फ्लॅटसाठी रोज दुकानातून रंगांचं एक कार्ड आणतात आणि भिंतीला लावून विचारतात, रूपाला ह्यातला कुठला आवडेल. गिऱ्हाइकांनाही सांगत असतात, मेमध्ये मुलगी येतेय. मी ह्यातलं काही त्यांच्या कानावर घालणार नाही, आणि समोरच्या दारातून ते त्यांच्यापर्यंत पोचूही देणार नाही. त्या दोघांना मी तीन वर्षांची मुदत दिलीय. तुला, हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या रविवारपर्यंतची. त्या दिवशी फोन कर, मला नको, अण्णांना. ते रंग विचारतील. तेव्हा सांग.

रविवारी फोन उचलणार नाही अशी,
तुझीच आई