कोपर खाली

ता. ९ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी ‘बरं आहे ना, बरं आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुमच्या बंधुराजांनी घरदुरुस्तीसाठी वेल्डिंगचं मशीन आणलं. दोन्ही प्रकारची तार चालणारं आहे. सिलिंडरच्या गॅसवरची साधी तार, आणि दुसरी ती पोटात पावडर असलेली, फ्लक्सची, जिला गॅस लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बोट भाजून घेतलं आणि आता ते मशीनकडे बघतसुद्धा नाहीत.

मग बाबांनी मला त्यांच्या कामाच्या जुन्या शेडमध्ये बोलावलं. तुझा हात शिलाईचा आहे, तू करून बघ, म्हणाले. माझ्या इस्त्रीच्या टेबलाचा पाय निखळला होता तो गॅसवर जोडला. बाबा खुर्ची टाकून माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी थांबले तेव्हा मान न वळवता ‘हं, बसलं’ एवढंच म्हणाले. ताई, मला आकाश ठेंगणं झालं!

आता मोठं काम आहे. अंगणाच्या फाटकाची बिजागरी खांबापासून सुटली आहे आणि फाटक जमिनीला घासतं. दुकानदार म्हणतो गॅसचं काम स्वच्छ होतं. बाबा म्हणतात ताईला विचार. तर तुम्ही सांगा, गॅस की फ्लक्स?

तुमचं जुनं वेल्डिंगचं हेल्मेट मी वापरते आहे, मापात बसतं. मोठ्यांची माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
टेलरबाई


ता. १७ मार्च

चि. सौ. टेलरबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं विचारशील तर मी ते घडी करून डब्याखाली ठेवलं आणि दिवसभर कारखान्यात ट्रॉल्यांच्या चौकटी जोडताना सगळ्यांवर डाफरत होते.

आधी कामाचं. फाटक उघड्यावर आहे आणि तिथे शेताकडून वारा थेट येतो. गॅस म्हणजे वितळलेल्या लोखंडावर धरलेली छत्री. वारा ती उडवून लावतो आणि जोडाला आतून जाळी पडते. बाहेरच्या कामाला फ्लक्सचीच तार घ्यायची. ती आपला धूर आपणच करते, त्यामुळे वाऱ्याला भीत नाही. धूर फार होतो, शिंतोडे उडतात, वर खपली धरते ती ठोकून काढावी लागते. दिसायला ओबडधोबड, पण जाड आणि थोड्या गंजलेल्या लोखंडात घुसते. पातळ पत्र्याला मात्र ती भोक पाडेल. कपाट, स्टूल, तुझं ते टेबल, असलं घरातलं काम गॅसवर कर. म्हणजे मशीन दोन्हीचं घेतलं हे बंधुराजांचं आयुष्यातलं पहिलं शहाणपण.

आता दुसरं. ‘हं, बसलं’ असं बाबा तुला म्हणाले. मी त्या शेडमध्ये शाळेच्या गणवेशात उभी राहून लोखंडाला टाके मारायला शिकले. लग्न होऊन जाईपर्यंत त्यांचा उजवा हात मीच होते. एवढ्या वर्षांत ते मला एकच गोष्ट म्हणाले, ‘कोपर खाली’. जोड चांगला झाला तरी ‘कोपर खाली’, वाईट झाला तरी ‘कोपर खाली’. माझं कोपर वर उचललं जातं, तार लांबते, आवाज फाटतो, मला माहीत आहे. पण एकदा तरी ‘बसलं’ म्हणाले असते तर त्यांचं काय गेलं असतं? तुला पहिल्याच टेबलाला म्हणाले. मला तुझा हेवा वाटला. गोड बोलून तो लपवायची मला सवय नाही.

आणि घरच्या प्रत्येक पत्राखाली असतात त्या बाबांच्या दोन ओळी या वेळी का नाहीत? शिकवणीत इतके गुंतलेत की लेकीला दोन ओळी लिहायला सवड नाही?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायचा की नाही ते बघू.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. तुम्ही ‘पहिल्याच टेबलाला’ असं लिहिलंत ते मला लागलं, आणि मी हट्टाने फाटक गॅसवरच जोडलं. वारा अडवायला तुमच्या बंधुराजांना दोन चादरी धरून उभं केलं होतं. जोड वरून असा सुरेख आला की मी शेजारणीला बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने फाटकाला सायकल टेकवली आणि फाटक, सायकल, दूधवाला तिघेही आडवे. दूधवाला अजून घुश्शात आहे. दूध रस्त्यावरच मोजून देतो.

बाबांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि वाऱ्याने खाल्लं, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. मग मी मुकाट्याने फ्लक्सची तार घातली, तर ती नुसती थुंकत सुटली. साडी चार ठिकाणी जळली आणि जोड वरच्या वर गोळा झाला. माझं काय चुकतंय ते सांगा.

तुम्ही हेव्याचं लिहिलंत, तर मीही लिहिते. या घरात लोखंडाचा तुकडा जरी पडला तरी तुमचं नाव निघतं. हे कपाट ताईने जोडलं, ती जाळी ताईची. मी इतक्या वर्षांत सगळ्यांचे कपडे शिवले, पण कोणी शर्ट घालताना माझं नाव घेत नाही.

बाबा अजूनही पाठ करूनच बसतात. मला बरं वाटतं, कोणी डोक्यावर उभं नसतं. तुमच्या मायेवर आमचा हक्क आहे असं समजून थांबते.

आपली,
टेलरबाई


ता. ११ एप्रिल

चि. सौ. टेलरबाई हिस,
आशीर्वाद.

दूधवाल्याचं वाचून हसले. खोटं कशाला बोलू, फाटक पडल्याचंही बरं वाटलं.

तुझं चुकलं ते असं. मशीनचं झाकण उघड, आत दोन जोडण्या दिसतील. गॅसच्या तारेला गनकडे, म्हणजे हातात धरतेस त्या नळीकडे, प्लस लागतो, आणि फ्लक्सच्या या तारेला गनकडे मायनस. तू तार बदललीस पण जोडण्यांची अदलाबदल केली नाहीस. मशीन बंद करून ती कर. साडीवर हे काम करू नकोस, बंधुराजांचा जाड सुती शर्ट घाल आणि बाह्या खाली ठेव. खांबावरचा रंग खरवडून लोखंड उघडं पाड.

झालं कामाचं. पाठ करून बसतात म्हणे! माझ्या वेळी माझ्या मानेवर श्वास लागेल इतके जवळ उभे असायचे. डोळ्यात तेल घालून बघायचे, कधी मी चुकते आणि कधी म्हणतात कोपर खाली. तुझ्याकडे बघायचीसुद्धा गरज वाटत नाही त्यांना, इतका विश्वास. हे मला कोणी तोंडावर सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. आणि याही पत्राखाली त्यांच्या ओळी नाहीत.

सुटीत यायचं ठरलं होतं ते मी रद्द करते आहे. तिथे आता माझं काही अडलेलं नाही. माझं हेल्मेट मात्र पार्सलने पाठवून दे. तुला नवीन आणायला सांग, तुझ्या नवऱ्याला दुकानं माहीत आहेत. ते माझं आहे.

ताई


ता. १९ एप्रिल

ती. ताईंस,
नमस्कार.

बाबांनी शपथ घातली होती ती आज मोडते आहे. ते पाठ करून बसतात कारण तोंड करून बसले काय आणि पाठ करून बसले काय, त्यांना सारखंच. काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याला कडेचं दिसत नाही आणि समोरचं धुरकट दिसतं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांवर टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. पत्राखाली ओळी नसतात कारण त्यांना ओळ दिसत नाही. ते माझं काम कानांनी ऐकतात. तार सुरळीत चालली की एकसारखा आवाज येतो, तो थांबला की म्हणतात बसलं. विश्वास कसला घेऊन बसलात!

तुम्हाला कळवू देत नव्हते, कारण ती कामावर आगीशी खेळते, तिच्या डोक्यात दुसरं काही नको, म्हणाले. माझ्या डोक्यात असलेलं चालतं.

हेल्मेट बांधून ठेवलं होतं. संध्याकाळी बाबा शेडमध्ये गेले आणि हेल्मेटच्या रिकाम्या खिळ्यावर हात फिरवत राहिले. ते रोज हेल्मेट स्वतः काढून माझ्या हातात देतात, आणि देण्याआधी तुम्ही पाडून आणलेल्या त्या पोच्यावरून अंगठा फिरवतात. मी गाठोडं सोडून ते परत खिळ्याला लावलं. पाठवणार नाही. तुम्हाला राग धरायचा तर धरा.

टेलरबाई


ता. २४ एप्रिल

प्रिय टेलरबाई,

शनिवारी येते. तू सांगितलंस हे बरं केलंस. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं देव जाणे, मला नुसती पाठ दिसली.

एक मागते. मी आल्याचं बाबांना लगेच सांगू नकोस. शेडचं शटर खाली ओढून आत तुझ्या गॅसवरच स्टूल जोडू, आधी तू, मग मी. फ्लक्सची तार आवाजावरून ओळखू येईल, म्हणून मशीन तुझं, तार तुझी. मी बोलणार नाही. हा पोरकटपणा आहे हे मला कळतं. पण त्यांना मी कळते का, ते मला बघायचं आहे. नाही कळले तर गप फाटक जोडेन आणि परत जाईन, तुला बोल लावणार नाही.

तुझी,
ताई


ता. ६ मे

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. फाटक एका बोटाने उघडतं. फ्लक्सचा जोड दिसायला कुरूप आहे, पण दूधवाल्याने सायकल टेकवून, वर स्वतः टेकून बघितलं. दूध पुन्हा दारात येतं.

त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही हेल्मेट खाली ओढलेलं होतं, म्हणून मी काय बघितलं ते लिहिते. माझा टाका झाला तेव्हा बाबा नेहमीसारखे हं, बसलं, म्हणाले. मग तुम्ही गन घेतली. बोटभरसुद्धा पुढे गेला नव्हतात आणि त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या जोरात सांगितलं, कोपर खाली. आणि मग लगेच, कधी आलीस. तुम्ही काम थांबवलंत पण काच वर केली नाहीत. बाबा खुर्ची वळवायला उठले तेव्हा ते हसत होते. असे हसताना मी त्यांना या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून मला झोप नीट लागत नाही. काल मी मुद्दाम कोपर वर उचलून जोडलं. तार फडफडली, आवाज फाटला, त्यांनी ऐकला. मी वाट बघत राहिले. आज दमलीस का बेटा, असं म्हणाले. थोडी विश्रांती घे, म्हणाले.

मोठ्या मनाने माया ठेवावी. हेव्याचं मी माझं बघेन.

आपली,
जिला कोणी रागावत नाही ती,
टेलरबाई