ह्यांनी स्वतःचं ताट उचललं

शेवगाव,
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना धाकट्या शोभाचा वाकून नमस्कार. (उजव्याला जरा जास्त, ऑपरेशन त्याचं झालंय म्हणून.) दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, सकाळी फिरायला जाताना कानाला मफलर बांधा, पुण्यात कोणी बघत नाही. भार्गवीचा दवाखाना जोरात असेलच. मेंदूची डॉक्टर म्हटल्यावर हल्ली गिऱ्हाईक कमी पडायचं कारण नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशाल कोणीच नाही. मी तर सकाळपासून ह्या खोलीतून त्या खोलीत चकरा मारतेय, काय आणायला आले ते दारात आल्यावर विसरतेय, आणि ह्या घरात विसरण्याचा मान सध्या माझा नाही.

फोन का नाही केलास म्हणशील. अगं, ह्या घरात फोनवर बोलणं म्हणजे ग्रामसभेत बोलणं. दिवाणखान्यात कार्यकर्ते, ओसरीवर कार्यकर्ते, परवा तर देवघरात एकजण मोबाईल चार्जिंगला लावून डोळे मिटून बसलेला (मी आधी प्रसाद ठेवला त्याच्यापुढे, मग लक्षात आलं). म्हणून पत्र, आज रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालेल्या एका कार्यकर्त्याच्या हाती. वाचून झाल्यावर फाडून टाक. नाहीतर राहू दे, कोण वाचतंय.

विषय ह्यांच्या डोक्याचा आहे. तुझ्या भार्गवीने आमच्या मोनिकाला फोनवर सांगितलं की आबांचं वय झालंय, त्यांच्याकडे लक्ष ठेवा, तसला आजार असू शकतो. (आजाराचं नाव मला येतं, लिहवत नाही.) काही प्रश्नही सांगितले. मोनिका सून म्हणून गुणाची आहे, प्रश्न पाठ करून माझ्यासमोर येऊन बसली. पहिला प्रश्न, पैशांच्या व्यवहारात गोंधळतात का? आता काय सांगू! ह्यांनी जन्मात कधी खिशात पैसे ठेवले असते तर गोंधळले असते. रस्त्यात गाडी थांबवायची, कलिंगडावर थाप मारायची, आवडलं की उचलून गाडीत बसायचं. पैसे मागून कोणीतरी देतं अशी ह्यांची समजूत आहे आणि आजवर कोणीतरी दिलेतच. दुसरा प्रश्न, परक्याच्या घरात शिरतात का? रोज शिरतात. खाटेवर बसतात, 'भाकरी आणा' म्हणतात, आणि त्या घरचे लोक फोटो काढून भिंतीला लावतात. चुकीच्या गाडीत बसले असं कधी झालंय का? अगं, अकोले तालुक्यातलं ते लग्न आठवतं ना, तुझ्या पैठणीवर मठ्ठा सांडला ते? तिथे हे मांडवाबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत बसले आणि नुसतं 'चला' म्हणाले. गाडी नवरीच्या मामाची. त्या बिचाऱ्याची 'साहेब, ही माझी गाडी' म्हणायची छाती झाली नाही. त्याने ह्यांना अख्खा जिल्हा ओलांडून थेट शेवगावला आणून सोडलं. तिकडे मंगलाष्टकं मामावाचून झाली. तो मामा अजून दर दिवाळीला फराळ पाठवतो.

तेच तेच बोलतात का, हा आणखी एक प्रश्न. ह्यांचं भाषण मुळात एकच आहे, कालव्याला पाणी आलं त्या वर्षी केलेलं. लोक टाळ्यासुद्धा ठरलेल्या जागी वाजवतात. माणसांची नावं विसरतात का? नावं लक्षात ठेवायला मागे एक माणूस असतो, तो कानात सांगतो. माझं नाव ह्यांच्या कानात कोणी सांगितलं नसावं, कारण मला चाळीस-बेचाळीस वर्षं 'अगं' आणि 'कोण आहे तिकडं' ह्या दोन नावांनीच हाक आली. मोनिका शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, पण हे सगळं कधीपासून?" मी म्हटलं, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून. त्याआधीचं सासूबाईंना विचारायला हवं होतं."

मग घड्याळ. भार्गवीने सांगितलं होतं म्हणे, कागदावर घड्याळ काढायला लावा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा. ह्यांनी गोल छान काढला, आकडे नीट घातले आणि पेन ठेवून दिलं. मोनिका म्हणाली, "आबा, काटे?" तर हे म्हणाले, "काटे कशाला? आपण गेल्यावर कार्यक्रम सुरू होतो." आता आक्का, ह्याला आजार म्हणायचं की आमदारकी? दोन वेळा आमदार, त्यानंतर कारखान्याचे चेअरमन, त्याच्याही आधी सासूबाईंचे एकुलते एक. ह्या माणसाच्या डोक्याने कुठलं काम कधी केलंच नाही, तर ते बंद पडलं हे ओळखायचं कशावरून?

(थांब, दूध.)

तर इथपर्यंत मी निवांत होते. घोर लागला तो ताटामुळे. पंधरवडा झाला असेल, मी वरती कपडे घड्या करत होते आणि खालून छबूबाईने असा हंबरडा फोडला की माझ्या हातातलं धोतर गळून पडलं. धावत खाली आले. ही आमची स्वयंपाकाची बाई भिंतीला टेकून उभी. "बाईसायेब, आबासायबांनी ताट उचाललं! सोताच्या हातानं! मोरीत निऊन ठिवलं, वर पानी बी घातलं! काय तरी लई वंगाळ झालंय, डाक्टर बोलवा!" मी मोरीत जाऊन पाहिलं. खरंच पाणी घातलेलं होतं.

मग एकेक सुरू झालं. भाजीबाजारात मेथीचा भाव विचारला आणि ड्रायव्हरकडून उसने घेऊन पैसे दिले. एका दहाव्याला गेले, मागे बसले आणि भाषण न करता परत आले. (आपल्याकडे दहाव्याला जाऊन पुढारी श्रद्धांजलीचं भाषण करत नाही म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमानच. त्या घरचे अजून रुसलेत.) आणि खर्डा गावच्या सभेत तर कहर झाला. मंच भरलेला, हे मधल्या मोठ्या खुर्चीवर, आणि समोर उन्हात लंकाबाई म्हणून एक म्हातारी उभी. हे उठले, स्वतः खुर्ची उचलून खाली गेले, तिला बसवलं आणि आपण सतरंजीवर मांडी घालून बसले. सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर ते फिरलं. विरोधक म्हणाले, आबा गेले कामातून. आपले कार्यकर्ते तर रडले गं, 'आपले आबा असे नव्हते' म्हणून. म्हातारा सुधारला असेल अशी शंका अख्ख्या जिल्ह्यात एकाला आली नाही.

आमच्या मच्छिंद्रची झोप उडालीय. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय आणि मतं बापाच्या नावावर मागायची आहेत. आता मंचावर ह्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पैलवान बसवतो, उठायला लागले की खांदा दाबायचा. त्याला भार्गवीकडून तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला हवाय. मोनिका म्हणते, दाखला नको, औषध सुरू करा. गुरुवारी पुण्याला आणायचं ठरलंय, ते तुला कळलंच असेल. दोघं माझ्याकडे बघतात, आई, तुम्ही बोला. मी काय बोलू? माझ्या पोळ्या हल्ली रोज करपतात. छबूबाईने परवा माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

कारण आक्का, एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या ताटाच्या दुसऱ्या दिवशी मी वाढत होते आणि हे म्हणाले, "तुम्ही जेवलात का?" मी मागे वळून बघितलं, कोण पाहुणा आला म्हणून. मागे कोणी नव्हतं. मला विचारत होते! आपल्या शोभाला! तेव्हापासून रोज दुपारी मागच्या दारच्या ओट्यावर बसवतात, शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवतात आणि 'सांगा' म्हणतात. मग काय, मी सांगितलं. आई गेली तेव्हाचंही सांगितलं. तुला माहीतच आहे, तेव्हा ह्यांची सभा होती. आलेच नाहीत. दहाव्याला आले, भाषणात आईचं नाव चुकवलं, गावाच्या सभामंडपाला निधी जाहीर केला आणि गेले. परवा तेच मी सांगत होते आणि हे मान हलवत ऐकत होते. मधे एकदाही फोन बघितला नाही. "फार सोसलंत," म्हणाले. तुला लिहायला लाज वाटते, ह्या वयात मी पुन्हा केसांत अबोली माळायला लागलेय.

असो. उन्हाळ्याचे पापड बरोबर पाठवते, दाजींना तळलेले देऊ नकोस, भाजून दे. भार्गवीला आशीर्वाद. तिचं लग्नाचं काय ते मी विचारत नाही, विचारलंय असं समज.

तुझी,
शोभा

ता. क. — खरं काम राहिलंच. भार्गवीला तू आई म्हणून बाजूला घेऊन सांग, की गुरुवारी ह्यांना तपास, हातोडीने गुडघ्यावर मार, यंत्रात घाल, काय करायचं ते कर, पण गुण येईल असं औषध देऊ नकोस. ताकदीच्या गोळ्या दे, रंगीत दे, मच्छिंद्रचं समाधान होईल. पाप आहे, मला कळतं. पण आक्का, ठणठणीत माणसाबरोबर मी सगळा जन्म काढला. हा आजारी माणूस मला थोडे दिवस राहू दे.

दुसरा ता. क. — पाकीट चिकटवलं होतं, फाडावं लागलं. आत्ता चहा घेऊन ओट्यावर गेले तर हे उठून उभे राहिले आणि हात जोडले. म्हणाले, "बसा. मी रोज बघतो, ह्या घरात तुमच्याएवढं कोणी राबत नाही. तुमचे मालक काय करतात?" मला वाटलं, गंमत करताहेत. म्हटलं, राजकारणात आहेत. "अरेरे," म्हणाले, "म्हणजे घरात लक्ष नसणार." मी म्हटलं, नाही. "आई गेली तेव्हा आले नाहीत म्हणालात, ते हेच?" म्हटलं, हेच. चहा न पिता कप खाली ठेवला. वाईट वाटलं होतं त्यांना, खोटं नाही लिहीत. मग म्हणाले, "पत्ता सांगा. आजच जाऊ आपण. माझा शब्द ह्या जिल्ह्यात कोणी मोडत नाही."

मला वाटलं होतं आक्का, उशिरा का होईना, ह्यांना मी दिसायला लागले. त्यांना गाऱ्हाणं घेऊन आलेली कोणीतरी बाई दिसत होती. ओसरीवर येणाऱ्या बायकांशी हे असंच बोलतात, पहिल्यापासून बोलतात. मीच तिथे कधी गाऱ्हाणं घेऊन बसले नव्हते. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तर वरचा ता. क. खोडला असं समज. भार्गवीला सांग, गुरुवार लांब आहे, आम्ही उद्याच निघतो. खरं औषध दे, असेल नसेल ते सगळं दे. मला ओळखून 'अगं, चहा' म्हणून ओरडले तरी चालतील.

फक्त आज नको. आज हे कडक इस्त्रीचा सदरा घालून गाडीची वाट बघत बसलेत, माझ्या मालकांना चार शब्द सुनवायला. मीही चांगली साडी नेसलेय. ड्रायव्हरला सांगितलंय, गावाला एक चक्कर मार आणि परत आपल्याच दारात आणून सोड. काय सुनावतात ते मला एकदा ऐकायचंय. "मालक घरी भेटतील ना?" असं आत्ता पुन्हा विचारलं. म्हटलं, चला, बघू या.